डावीकडून मी, उजवीकडून तो

ऑक्टोबर २००४. ऑफिसात रात्रपाळी, आणि मित्राचं मेल : ‘कामधाम सोड, हे बघ.’ खाली एका क्लिपची लिंक. यूट्यूब तेव्हा जन्माला यायचं होतं. चौदा मिनिटांची क्लिप, पण उतरवायला पाऊण तास गेला. सगळे एका मशीनभोवती गोळा झालो आणि पुढचा आठवडाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही!

क्लिप होती सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ची. पाहुणा जॉन स्टुअर्ट, ‘द डेली शो’वाला. आला होता स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात करायला. यजमान दोघं. डावीकडून पॉल बेगाला, उजवीकडून गळ्यात बो टाय घातलेला टकर कार्लसन. विनोदवीर आहे, चार कोट्या करेल, जाईल, अशी त्यांची समजूत. पण या बाबाने बसल्या बसल्या सांगून टाकलं की तुमचा कार्यक्रम नुसता वाईट नाही, तो देशाचं नुकसान करतोय, थांबवा. वादविवाद म्हणून तुम्ही जे दाखवता ते निव्वळ नाटक आहे. कार्लसन म्हणाला, तू तरी जॉन केरीला कुठे कठीण प्रश्न विचारलेस? त्यावर स्टुअर्टचं उत्तर : अरे, माझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्या खोटे फोन करतात, तू माझ्याशी स्वतःची तुलना करतोस?

आम्ही टाळ्या पिटल्या. सॉलिड वाटलं होतं.

आता थोडं मागे जाऊ. सीएनएन सुरू झालं १९८० मध्ये. चोवीस तास बातम्या म्हणजे चोवीस तास काहीतरी दाखवायलाच हवं. बातमीदार पाठवा, कॅमेरा पाठवा, त्यांचं विमान, त्यांचं हॉटेल... खर्चच खर्च. त्यापेक्षा टेबलाभोवती चार माणसं बसवली की अर्धा तास स्वस्तात भरतो. १९८२ मध्ये ‘क्रॉसफायर’ आला तो या हिशेबात चपखल बसणारा. टॉम ब्रेडन आणि पॅट ब्यूकॅनन ही जोडी आधी वॉशिंग्टनच्या रेडिओवर भांडायची, तीच टीव्हीवर आली. ब्रेडन डावे म्हणून बसायचे, आणि हा डावा गृहस्थ कोण, तर सीआयएचा माजी अधिकारी! आठ मुलांचा बाप. त्या आठ जणांवर त्याने लिहिलेल्या पुस्तकावरून टीव्ही मालिकाही निघाली होती. ब्यूकॅनन निक्सनचे भाषणलेखक. रेगनच्या व्हाइट हाउसमध्ये नोकरी लागली, खुर्ची सोडली. नोकरी संपली, खुर्चीत परत. १९९२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले, हरले, परत. १९९६ ला पुन्हा तेच. पत्रकार कुठे संपतो आणि पुढारी कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्या खुर्चीला कधी पडलाच नाही.

पण सगळंच फुकट होतं असं म्हणवत नाही. १९८६ चा एक भाग मी नंतर पाहिला. पाहुणा फ्रँक झॅपा, रॉक संगीतातला अवलिया. विषय : गाण्यातले शब्द पोरांना बिघडवतात का, आणि सरकारने त्यात पडावं का. सुटाबुटातला झॅपा शांत बसलाय, आणि समोर जॉन लॉफ्टन नावाचे उजवे स्तंभलेखक लालबुंद. झॅपा त्यांना म्हणतो, तुमच्या तोंडाला असा फेस आला की मला फार आवडतं! आणि वर सांगतो की, मी स्वतः कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. झालं! डावं कोण, उजवं कोण, सगळी बैठकव्यवस्था विस्कटली. आरडाओरडा त्यातही आहे, बॉस. पण लॉफ्टनला झॅपाचं वाक्य ऐकूनच घ्यावं लागतंय. टेबल एकच आहे ना, पळणार कुठे?

पुढे १९८९ मध्ये डावीकडे मायकेल किन्सली आला. हुशार, तिरकस माणूस. टीकाकार म्हणायचे, उजवीकडचा पक्का उजवा आणि डावीकडचा मात्र मधला, ही कसली लढत? १९९६ मध्ये त्याने मायक्रोसॉफ्टसाठी ‘स्लेट’ हे इंटरनेट मासिक काढलं. त्याच वर्षी एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज ही दोन चॅनेल आली आणि भांडणाच्या दुकानांना तोटा उरला नाही. २००२ मध्ये सीएनएनने ‘क्रॉसफायर’ला जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात नेऊन समोर प्रेक्षक बसवले. टाळ्या मिळायला लागल्या की माणूस समोरच्याशी बोलायचं सोडून टाळ्यांशी बोलतो. (शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मीही हेच केलंय.) स्टुअर्टच्या हाती सापडला तो हा ‘क्रॉसफायर’.

जानेवारी २००५ मध्ये सीएनएनचे नवे प्रमुख जोनाथन क्लाइन यांनी कार्यक्रम बंद करायचं ठरवलं, आणि स्टुअर्टच्या मूळ मुद्द्याशी आपण सहमत असल्याचं जाहीर सांगितलं. जूनमध्ये पडदा पडला. आम्ही पुन्हा टाळ्या. एका विनोदवीराने चॅनेल नमवलं!

इथेच आपली गफलत झाली. भांडण बंद झालं असं आपण समजलो. बंद झालं होतं फक्त ते टेबल.

कार्लसन एमएसएनबीसीवर गेला, २००६ मध्ये त्याने बो टाय काढून ठेवला, २०१६ मध्ये फॉक्सवर त्याला रात्रीचा स्वतःचा तास मिळाला. तिथे बेगाला नव्हता. रोज समोर बसून ‘थांब, हे चुकतंय’ म्हणणारं कुणी नव्हतं. कॅमेऱ्यात बघून एकट्याने बोलायचं, मध्येमध्ये एखादा पाहुणा चौकटीत. २०२० मध्ये तो अमेरिकन केबल न्यूजवरचा सगळ्यात जास्त पाहिला जाणारा माणूस होता. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने त्याला निरोप दिला, तोवर ‘क्रॉसफायर’मधल्या खोट्या भांडणाची आठवण यावी असे दिवस आले होते. तिकडे एमएसएनबीसीवर दुसऱ्या बाजूचे लोक आपापल्या तासात आपल्याच लोकांशी बोलत होते. (आपल्याकडच्या नऊच्या चर्चेत माणसं भरपूर असतात, आठ-आठ चौकटी. पण ती एका खोलीत नसतात, आणि आवाज कुणाचा कमी करायचा ते बटण अँकरच्या माणसांकडे.)

सीएनएनने २०१३ मध्ये ‘क्रॉसफायर’ पुन्हा सुरू करून पाहिला. न्यूट गिंगरिच, व्हॅन जोन्स, स्टेफनी कटर, एस. ई. कप. मार्च २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान बेपत्ता झालं, चॅनेल दिवसरात्र त्याच्यामागे लागलं आणि भांडण बाजूला पडलं. ऑक्टोबरमध्ये अधिकृत निरोप. फारसं कुणी हळहळलं नाही.

मला ती क्लिप पाठवणारा मित्र अजून आहे. तेव्हा टपरीवर आम्ही तावातावाने भांडायचो, शेवटची लोकल चुकेपर्यंत. आता त्याची राजकीय मतं एका टोकाला, माझी दुसऱ्या. व्हॉट्सअॅपवर मी त्याला म्यूट केलंय. त्यानेही मला केलं असणार. वाढदिवसाला मात्र केकचं चित्र येतं, माझ्याकडूनही जातं.

परवा ती क्लिप परत पाहिली. स्टुअर्ट अजूनही ग्रेट, कार्लसन अजूनही चिडलेला. पण यावेळी मला दुसरीच गोष्ट आठवत राहिली. कार्लसनने नंतर सांगितलं होतं की, कार्यक्रम संपल्यावर स्टुअर्ट गाडीत बसून निघून गेला नाही. तो काही तास तिथेच थांबला, याच विषयावर त्या लोकांशी बोलत. प्रेक्षक नाहीत, कॅमेरे बंद.

ती क्लिप कुणाकडेच नाही.