कोळसा आमचा, लाभांश कोणाचा?

चंद्रपूर शहरांतील कोणत्याही घराच्या ओसरीवरून सकाळीं हात फिरवावा, बोटें काळीं होतात. दुर्गापूर, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर येथील खाणींचा कोळसा रात्रंदिवस बाहेर जातो. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही येथील सिमेंट दूरदूर जातें. आणि गडचिरोली जिल्ह्यांतील सुरजागडचें लोहखनिजही आतां त्याच वाटेनें निघालें आहे. धूळ मात्र येथेंच राहते. या धुळीविषयीं तक्रार करणें रास्त आहे व ती केलीच पाहिजे. परंतु आज आम्हांस आमच्या व्यापारी व नोकरदार वाचकांपुढें निराळाच प्रश्न ठेवावयाचा आहे. या मालावर जो नफा होतो त्याचा कायदेशीर वांटा भर बाजारांत विकत मिळत असतां, तो घेणाऱ्या हातांत आमचे हात इतके थोडे कां?

उदाहरण घरचेंच घेऊं. येथील बहुतेक खाणी ज्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत, ती कोल इंडियाची पोटकंपनी. सन २०१० च्या ऑक्टोबरांत सरकारनें कोल इंडियाचे शेंकडा १० शेअर जनतेस विकावयास काढिले. भाव २४५ रुपये. लहान गुंतवणूकदारांस व कामगारांस त्यांत शेंकडा ५ ची सवलत. या विक्रीचा दहावा हिस्सा कंपनीच्या व पोटकंपन्यांच्या कामगारांसाठीं राखून ठेविला होता. सरकारी मालकी विकण्यास कामगार संघटनांचा विरोध होता. तो विरोध तत्त्वाचा होता, त्याची थट्टा आम्ही करणार नाहीं. परंतु परिणाम काय झाला? राखीव हिश्श्याचा फार थोडा भाग कामगारांनीं उचलला, बाकीचा इतरांच्या हातीं गेला. विक्री कांहीं थांबली नाहीं. थांबला तो कामगाराचा वांटा.

ज्यानें त्या वेळीं सवलतीच्या भावानें १०० शेअर घेतले, त्याचे २३,२७५ रुपये गुंतले. ते शेअर न विकतां त्यानें नुसते ठेवून दिले असतील, तर २०१३-१४ सालाबद्दल त्यास २,९०० रुपये लाभांश मिळाला. २०१९-२० बद्दल १,२०० आणि २०२३-२४ बद्दल २,५५०. म्हणजे मूळ रकमेवर वाईट वर्षीं शेंकडा पांच, चांगल्या वर्षीं अकरा-बारा. या मुदतींत बाजारभावाची काय तऱ्हा होती? २०२० सालीं तो मूळ किमतीच्या निम्म्याहूनही खालीं घसरला होता. रोज भाव पाहत बसणारा त्या वेळीं घाबरून विकून मोकळा झाला. ज्यानें खाण चालते कीं नाहीं एवढेंच पाहिलें, त्याच्या खात्यांत लाभांश येतच राहिला.

लाभांश म्हणजे कंपनीच्या नफ्यापैकीं भागधारकांस रोख वांटलेला हिस्सा. हें तत्त्व झाडीपट्टींतील माणसास शिकवावयास नको. मोहाचें झाड तोडून लाकूड विकणारा एकदांच पैसा पाहतो. झाड राखणारा दर उन्हाळ्यास फुलें वेंचतो. एखाद्या वर्षीं अवकाळी पावसानें फुलें कमी पडलीं म्हणून कोणी बुंध्यावर कुऱ्हाड घालीत नाहीं. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनें २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला व २०११ पासून बांबू स्वतः विकावयास आरंभ केला, तेव्हां तिनेंही हाच धडा घालून दिला कीं, मजुरी निराळी आणि मालकीचा वांटा निराळा.

आमच्या शहरांतील शिल्लक पैसा जातो कोठें? कांहीं सराफाकडे, कांहीं नागपूर रस्त्यावरील प्लॉटांत, कांहीं भिशींत. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही कीं, कांहीं दामदुप्पट करून देणाऱ्या मंडळींच्या थैलींत. अशा ठिकाणीं जन्माची पुंजी विश्वासानें टाकणारा गृहस्थच कारखान्याच्या शेअरचें नांव काढतांच “हा जुगार” म्हणून कानांवर हात ठेवितो. हा संकोच जुना आहे. जमशेटजी टाटा नागपुरास एम्प्रेस मिलसाठीं दलदलीच्या जागेंत भराव घालीत असतां, हा सोनें मातींत घालण्याचा उद्योग आहे असें म्हणून एका सावकारानें भांडवल देण्याचें नाकारलें, अशी आख्यायिका आहे. गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली व पुढें भरघोस लाभांश वांटूं लागली. तेव्हां त्याच सावकारानें कबूल केलें म्हणतात कीं, टाटांनीं माती घातली आणि सोनें काढलें.

पण ती एम्प्रेस मिलही २००२ सालीं बंद झाली, हें विसरून चालणार नाहीं. त्याहून जवळचें उदाहरण जिच्या नांवांतच बल्लारपूर आहे त्या कागद कंपनीचें. एके काळीं नियमित लाभांश देणारी ही कंपनी कर्जाखालीं दबून २०२० सालीं दिवाळखोरीच्या कायद्याखालीं आली. अशा प्रसंगीं सावकार, कामगार व सरकार यांचें देणें आधीं भागतें. भागधारकाची पाळी अगदीं शेवटीं येते. लाभांश हें व्याज नव्हे. तें देण्याचें वचन कोणी दिलेलें नसतें.

दुसरें उदाहरण ताजें आहे. सन २०२५ च्या १ जानेवारीस कोनसरी येथें मुख्यमंत्र्यांच्या हस्तें लॉईड्स मेटल्सच्या कामगारांस कंपनीचे शेअर देण्यांत आले. त्यांत शरण आलेले माजी नक्षलवादीही होते. खाणीच्या बऱ्यावाइटाचा वाद निराळा आहे व तो चालावाच. पण कामगार भागीदार झाला, ही गोष्ट आम्ही चांगली समजतों. मात्र हजारावर भाव असलेल्या या शेअरावर लाभांश अवघा रुपयाभर मिळतो, हेंही त्या कामगारांस कोणी समजावून सांगितलें पाहिजे. भाव चढणें ही एक गोष्ट. हातीं रोख उत्पन्न येणें ही दुसरी.

जुगार बाजारांत आहेच. पण तो वायद्यांच्या सौद्यांत आहे. सेबीनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकीं त्र्याण्णव तोट्यांत गेल्याचें दिसून आलें. त्या वाटेस जाऊं नये. आमचें सांगणें साधें आहे. घरखर्चाचे वर्षभराचे पैसे, मुलांच्या शिक्षणाची व औषधपाण्याची तरतूद बँकेंत राहूं द्यावी. त्यावर जें उरेल त्याचाच एक भाग, कर्ज न काढतां, या कामीं लावावा. दहा वर्षांचा लाभांशाचा इतिहास व कंपनीचें कर्ज पाहावें. नफ्याहून अधिक वांटणारी कंपनी दुरून ओळखावी. सगळा पैसा कोळशांतच घालूं नये, कारण खाणीही संपतात आणि काळही बदलतो. एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नांत धरून त्यावर कर लागतो, तोही हिशेबांत घ्यावा. वारसाचें नांव लावून ठेवावें. सात वर्षें ओळीनें न उचललेला लाभांश व त्याबरोबर शेअरही सरकारी निधींत जमा होतात, व ते परत मिळवितां मिळवितां विधवेच्या नाकीं नऊ येतात.

आणि एक सूचना आग्रहानें करितों. मुलीच्या लग्नांत जें सोनें घालतां, त्याचा चौथा हिस्सा तरी तिच्या स्वतःच्या नांवाच्या खात्यांत चांगल्या शेअरांच्या रूपानें ठेवा. अंगावरचा दागिना अडचणींत सावकाराकडे जातो. तिच्या खात्यांत दरसाल येणारी रक्कम, ती कितीही लहान असो, तिला कोणापुढें हात पसरूं देत नाहीं.

येत्या लक्ष्मीपूजनास आमचे व्यापारी बंधू नव्या वहीचें पूजन करतील. त्या वहींत उधारी, गाळा व सोनें यांच्या खात्यांशेजारीं लाभांशाचेंही एक पान असावें. कोळशाची धूळ तर आम्हांस न मागतांच मिळते. कोळशाचा वांटा मात्र मागून, मोजून आणि धीर धरूनच घ्यावा लागतो.