एकटा गळा आणि चार तारा



गेल्या एप्रिलमध्ये वर्धेला एका जुन्या स्नेह्यांकडे मुक्कामाला जाण्याचा योग आला. हे स्नेही तीस वर्षे ढोलकी वाजवत आले. पेटीवाला, दोन गायक, मागे कोरस, अशी त्यांची सात-आठ जणांची पार्टी होती. सेलू, देवळी, पुलगाव, हिंगणघाट या भागात तिने कितीतरी रात्री जागवल्या. पुढे डीजे आला आणि पार्टीची बोलावणी आटली. पेटीवाला रोजीरोटीसाठी परगावी गेला आणि ढोलकी खुंटीला लागली.

त्या दिवशी घरात वाद पेटलेला होता. स्नेह्यांची मुलगी कॉलेजात शिकते, स्वतः गाणी रचते, चाली लावते. जयंतीच्या कार्यक्रमात विहारात तिला तिचीच गाणी म्हणायची होती आणि तीही एकटीने. साथीला ना पेटी ना ढोलकी, फक्त बास गिटार!

“बघा भाऊ,” स्नेही आम्हाला म्हणाले, “म्या जल्मभर ढोलकी वाजवली, अन् हे पोट्टी त्या घुम्या गिटारीवर भीमगीत म्हनतो म्हनते. लोक हसतीन ना!”

मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, लोक हसले तरी चालतील. त्यांना माझे शब्द ऐकू आले पाहिजेत.”

या उत्तराने आम्ही विचारात पडलो. बास गिटार म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. त्या जाड आणि लांब असतात व साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षाही एक सप्तक खाली बोलतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, म्हणून तिचा सूर कानाइतकाच छातीलाही जाणवतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 1951 साली असे वाद्य बाजारात आणले आणि पुढे ते जगभर पसरले. त्याआधी या कामासाठी माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य वाहून न्यावे लागे.

बासवाला सहसा मागे उभा राहतो. त्याने ठेका आणि सूर धरून ठेवायचा, पुढे दुसऱ्यांनी गायचे. एकट्याने गात गात बास वाजवणे अवघड, कारण बोटांची लय वेगळी चालते आणि गळ्याची वेगळी. तरीही ते साधणारे आहेत. अमेरिकेतील एस्पेरान्झा स्पाल्डिंग या कृष्णवर्णीय कलावंत. त्यांना एकट्या आईने वाढवले. बास वाजवत त्या स्वतःची गाणी गातात आणि 2011 मध्ये त्यांना नवोदित कलावंताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईची मोहिनी डे ही गायिका म्हणून नव्हे, पण बासवादक म्हणून देशोदेशी नावाजली गेली. तिला पहिले धडे वडिलांनी दिले. हे आम्ही स्नेह्यांना सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण सुपारी कातरायची थांबले.

मग आम्ही त्यांना विचारले, “दादा, एकट्या गळ्याला एक खालचा सूर, हे आपल्याकडे नवीन आहे का हो?” तुणतुणे आठवा. लाकडी नळकांडे, तळाला कातडे आणि एकच तार. एकतारीचेही तेच. त्या तारेवर चाल वाजत नाही. ती फक्त सूर धरते, जमीन देते, आणि त्या जमिनीवर शब्द चालतात. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनी पतीच्या मागे संसार ओढताना हाती एकतारीच धरली. मोबाईलवरून त्यांची भीमगीते घरोघरी पोचली, ती मोठ्या वाद्यवृंदाच्या बळावर नव्हे. एक आवाज, एक तार आणि स्पष्ट ऐकू येणारे शब्द एवढे भांडवल पुरले.

आणि वामनदादा कर्डक? सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस तरुणपणापर्यंत निरक्षर होता. मुंबईत कोणीतरी पत्र वाचून दाखव म्हटले आणि ते वाचता येईना, ही बोचणी त्यांना अक्षरांकडे घेऊन गेली. 1943 पासून 2004 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हजारो गीते रचली आणि गावोगाव हिंडून गायली. त्यांच्या गाण्याचा प्राण शब्दांत होता. आज मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण गाण्यात काय म्हटले ते कोणाला कळते? बासचा सूर तिथेही असतो, फक्त तो शब्दांना गाडून टाकतो. मुलीच्या हातात तोच सूर शब्दांना उचलून धरणार होता.

रात्री विहारात गर्दी होती. मुलगी एकटी उभी राहिली तेव्हा मागून कोणीतरी हसले. पहिल्या गाण्याला लोक बिचकले. दुसरे गाणे तिच्या आजीवर होते. दीक्षेसाठी नागपूरला गेलेली आजी आणि परत आल्यावर तिने घरात काय काय बदलले, त्याचे. ते सुरू झाले आणि बायका पुढे सरकून बसल्या. तिसऱ्या गाण्यात मात्र लाईन गेली. बास विजेवर चालणारे वाद्य, अ‍ॅम्प्लिफायर बंद पडताच ते मुके झाले. मुलगी क्षणभर थांबली, मग तशीच अंधारात गाऊ लागली. पण ठेका सुटत चालला होता.

तेव्हा कोपऱ्यातून टेबलावर बोटे वाजू लागली. ती कोणाची, हे अंधारातही आम्ही ओळखले. तीस वर्षांचा हात होता तो! लाईन आली तेव्हा गाणे संपत आले होते आणि स्नेही टेबलाशी उभे होते.

घरी परतताना ते एवढेच म्हणाले, “दुसऱ्या गान्यात लय पळत होती तिची. उद्या बसवून घेतो.”

सगळे मिटले असे आम्ही म्हणणार नाही. मुलीने एकटीने मंचावर उभे राहावे, हे आजही अनेक घरांत पचत नाही. वाद्याची तक्रार पुष्कळदा वाद्याची नसतेच. म्हणून वाचकांना एक विनंती. येत्या जयंतीला आपल्या विहारात अर्धा तास डीजे बंद ठेवा आणि स्वतः गाणी रचणाऱ्या मुलामुलींना तो द्या. हातात तुणतुणे असो, ढोलकी असो की बास गिटार. फक्त लाईन गेली तर ठेका धरायला घरातले कोणीतरी जवळ असू द्या.