"बॅकअप आहे ना?" असं नका विचारू, "परत आणून दाखवा" म्हणा

मंडळी, सप्टेंबर जवळ येतोय. ३० सप्टेंबरच्या आत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात, त्यामुळे पेणपासून रोह्यापर्यंत पतसंस्थांचे अहवाल घरोघरी यायला लागतील. त्यात लाभांश असतो, थकबाकी असते, संचालकांचे फोटो असतात. पण आपल्या ठेवीची नोंद ज्या कॉम्प्युटरमध्ये आहे त्याची दुसरी प्रत कुठे ठेवली आहे, आणि ती शेवटची कधी उघडून पाहिली, हे मी तरी आजवर एकाही अहवालात वाचलेलं नाही.

मी पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करतो. पतसंस्था, शाळा, दवाखाने, गणपतीचे कारखाने, धाटाव एमआयडीसीतली लहान युनिटं. बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात एक काळी पेटी बसवलेली असते. नॅस म्हणतात तिला. आत हार्डडिस्क असतात आणि ती नेटवर्कला जोडलेली असते. रोज रात्री ऑफिसच्या मशीनवरचा डेटा आपोआप तिच्यात उतरावा अशी योजना. "उतरतो ना?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो तर, हिरवा दिवा लागतो की!"

हिरवा दिवा म्हणजे पेटीला वीज मिळतेय, एवढंच. डेटा पोचला की नाही ते त्या दिव्याला कळत नाही.

एका संस्थेत (नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, कारण उद्या दुसऱ्या ठिकाणी हेच सापडेल) मला बोलावलं होतं ते प्रिंटर चालत नाही म्हणून. सहज पेटीचा लॉग उघडला. शेवटचा यशस्वी बॅकअप सात महिन्यांपूर्वीचा! झालं काय होतं, तर एका पावसाळी रात्री लाइट गेली, आली, राऊटर नव्याने सुरू झाला आणि त्याने पेटीला नवा पत्ता दिला. ऑफिसचं मशीन मात्र रोज रात्री जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत होतं. दार उघडत नाही अशी तक्रारही ते इमानेइतबारे ईमेलने पाठवत होतं, पण तो ईमेल होता नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरचा. पेटीचा पत्ता कायमचा बांधून टाकायला मला दहा मिनिटं लागली. सात महिने कोणाला पत्ताच नव्हता, हा खरा बिघाड.

बॅकअप तुटण्याची कारणं मोठी नसतात. मी ज्या क्रमाने तपासतो तो सांगतो, म्हणजे तुमच्याकडे कोणी "सॉफ्टवेअरच बदलावं लागेल" म्हणत बिल फाडायला आला तर उपयोगी पडेल. आधी केबल आणि स्विच: ज्या खाचेत वायर आहे तिथला दिवा लुकलुकतो का? मग त्याच मशीनवरून राऊटरला पिंग, मग पेटीला पिंग. राऊटर बोलतो आणि पेटी बोलत नाही, तर पत्ता बदललाय किंवा पेटी झोपलीय. दोन्ही बोलतात पण फोल्डर उघडत नाही, तर पासवर्ड. कोणीतरी मशीनचा पासवर्ड बदललेला असतो आणि बॅकअपच्या प्रोग्रॅममध्ये जुनाच राहिलेला असतो. हेही ठीक असेल तर पेटीतली जागा बघा, भरली असेल. एवढ्यात बहुतेक प्रकरणं मिटतात.

एक प्रकार मात्र जरा समजून घ्या. जुन्या पेट्या एसएमबी-१ नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात. त्या पद्धतीतल्या एका भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर घुसला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून मायक्रोसॉफ्टने ती पद्धत नव्या विंडोजमधून काढायला घेतली. नवीन कॉम्प्युटर आणला की जुनी पेटी "दिसेनाशी" होते ती यामुळे. मग कोणाचा तरी भाचा येतो, यूट्यूब बघून एसएमबी-१ पुन्हा चालू करतो, पेटी दिसते, सगळे खूश. त्याने चोराची खिडकी उघडून दिलीय हे कोणाच्या गावीही नसतं. पेटी जुनी असेल तर तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. होत नसेल तर पेटी बदला. इथे काटकसर नको.

"आमच्याकडे काय आहे चोरायला" असं म्हणणाऱ्यांनी जरा शेजारी उरणकडे बघावं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि मेर्स्क या शिपिंग कंपनीच्या नेटवर्कमधून पार आपल्या जेएनपीटीतल्या जीटीआय टर्मिनलपर्यंत येऊन पोचला. तिथलं कॉम्प्युटरवरचं कामकाज बसलं. रायगडात घडलेली गोष्ट आहे ही. मेर्स्कला पुढे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच दावोसला सांगितलं.

त्यातली खरी गोष्ट पुढेच आहे. कंपनीच्या सगळ्या नेटवर्कची ओळखवही ज्या सर्व्हरांवर असते ते जगभर विखुरलेले होते. एकमेकांची प्रत ठेवत होते, म्हणून कंपनी निर्धास्त होती. पण सगळे एकाच नेटवर्कवर जोडलेले, त्यामुळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घानामधला. का? हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवरून तुटला होता! तिथून डेटा इंग्लंडला पाठवायचा तर इंटरनेट इतकं हळू की दिवसच्या दिवस गेले असते, म्हणून शेवटी डिस्क विमानाने नेली.

लाइट जाण्याचा असा फायदा आपल्या महावितरणलाही कधी सुचला नसेल. असो.

सांगायचं ते हे की जोडलेली प्रत रोज चालली पाहिजे, आणि एक प्रत अशी पाहिजे जी कशालाच जोडलेली नाही. कपाटात, आणि तेही दुसऱ्या इमारतीतल्या. हमरापूरच्या माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. मूळ मूर्ती ते कारखान्यात ठेवतच नाहीत, घरी माळ्यावर ठेवतात. साचा फाटला तर मूळ मूर्तीवरून दुसरा काढता येतो, मूळच गेली तर हंगाम गेला. त्यांच्या बिलांचा बॅकअपही आता माळ्यावरच असतो, मूर्तीशेजारी.

"आमचं सगळं क्लाउडवर आहे" हे दुसरं ठरलेलं उत्तर. चांगलं आहे. पण ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळानंतर जिल्ह्यात कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस ना वीज होती ना मोबाइलला रेंज. क्लाउड जागेवर होता, आपणच नव्हतो. आणि वादळ कशाला हवं, इथे रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी तेच होतं. गणितही करून बघा: १०० जीबी डेटा आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल, तर अखंड ४४ तास लागतात. ऑफिस संध्याकाळी मशीन बंद करून घरी जातं. मग तो पहिला बॅकअप पुरा व्हायचा कधी? पहिली पूर्ण प्रत जागेवरच डिस्कवर घ्या, नंतर रोजचा फक्त बदललेला भाग वर जाऊ द्या. शिवाय क्लाउड सॉफ्टवेअर कंपनीचा असेल तर करारात बघा, करार संपल्यावर आपला डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळणार का.

पैशाचं कारण मला पटत नाही. एका बाहेरच्या हार्डडिस्कला काही हजार रुपये पडतात. सभेला सभासदांना जे स्टीलचे डबे वाटतात त्याचं बिल यापेक्षा मोठं असतं. आणि कृपा करून काउंटरवरच्या मुलीला धारेवर धरू नका. तिला कोणी शिकवलेलं नाही, लॉग बघणं तिच्या कामात लिहिलेलं नाही. हे लिहून द्यायचं काम संचालक मंडळाचं. पेण अर्बनवर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणल्यापासून ठेवीदारांनी जे सोसलं तो प्रकार निराळा होता, डेटा हरवल्याचा नव्हता. पण कागद जपून ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा, एवढं तरी त्यातून पेणकरांना कोणी शिकवायला नको.

म्हणून यंदाच्या सभेत "बॅकअप आहे का" असं विचारू नका, "हो" म्हणतील आणि पुढचा विषय घेतील. असं विचारा: शेवटची रिस्टोअर चाचणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली? झाली नसेल तर सरळ मागणी करा. महिन्याभरात एके दिवशी, मूळ मशीन बंद ठेवून, इंटरनेटची वायर काढून, फक्त बॅकअपवरून माझ्या स्वतःच्या खात्याचा उतारा काढून दाखवा. शाळेच्या जनरल रजिस्टरसाठी शाळा व्यवस्थापन समितीत हेच विचारा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदींसाठी ग्रामसभेत.

तासाभराचं काम आहे. जास्त वेळ लागला तर का लागला, तेही इतिवृत्तात लिहून घ्या.