पेडर रोडचा चढ आणि आपले अनुभवलेखन

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते आणि पुढचे दोन-तीन आठवडे एका विशिष्ट प्रकारच्या मराठी लेखनाला बहर येतो. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, ब्लॉग, गृहसंकुलांच्या स्मरणिका आणि महाविद्यालयांचे वार्षिकांक यांतून धावपटूंची अनुभवकथने दिसू लागतात. भिवंडीतील एका महाविद्यालयात मराठी शिकवताना वार्षिकांकाचे काम अनेक वर्षे माझ्याकडे असल्यामुळे असे लेखन मी बरेच वाचले आहे. त्यातले काही स्वतः दुरुस्तही केले आहे. या वाचनातून माझे एक मत बनले आहे. मॅरेथॉनचे अनुभवकथन हा मराठी गद्यातील एक नवा आणि शक्यतांनी भरलेला प्रकार आहे. साहित्याच्या अध्यापकांनी त्याकडे लक्ष दिलेले नाही, आणि जेथे दिले तेथे बहुधा त्याचे नुकसानच केले. या विधानाचा उत्तरार्ध मी स्वतःच्या अनुभवावरून करतो आहे.

प्रथम त्या चढाविषयी. ही स्पर्धा 2004 मध्ये सुरू झाली. तिचा मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलत आला आहे. पण मी वाचलेल्या पूर्ण मॅरेथॉनच्या बहुतेक कथनांत पेडर रोड दोनदा येतो. जाताना पहाटेच्या अंधारात, पाय ताजे असताना, चौपाटीकडून केम्प्स कॉर्नरमार्गे. आणि परतताना हाजी अलीकडून, ऊन चढलेले असताना, सुमारे पस्तीस किलोमीटर अंतर पायांखालून गेल्यावर. सह्याद्रीतल्या माणसाने याला घाट म्हटले तर लोक हसतील. परंतु तोवर शरीरातली साठवलेली साखर जवळजवळ संपलेली असते, मांड्या दगडासारख्या झालेल्या असतात आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अजून पाच-सात किलोमीटर दूर असते. अशा वेळी तो साधा चढ सगळ्या शर्यतीचा निकाल लावतो. एकच जागा दोन वेळा, दोन वेगळ्या शरीरांनी पाहायला मिळणे ही लेखकाला आयती मिळालेली रचना आहे.

प्रत्यक्षात या रचनेचा उपयोग क्वचितच होतो. कथनांचे टप्पे ठरून गेलेले आहेत: आदल्या रात्री न लागलेली झोप, टर्मिनससमोरची गर्दी, सागरी सेतूवरचे उजाडणे, पेडर रोड, पदक. यांपैकी पहिले तीन टप्पे लोक चांगले लिहितात. बुटाची नाडी दोनदा सोडून बांधणे, शेजारच्या अनोळखी माणसाने पाठीवर लावलेल्या वेदनाशामक मलमाचा वास, पाण्याच्या चेपलेल्या बाटल्यांवरून घसरणारे पाय, असे तपशील त्यांत भेटतात. मग चढ येतो आणि भाषा एकाएकी सुभाषितांचा आधार घेते. जिद्द येते, चिकाटी येते, शरीर थांबते पण मन थांबत नाही. पस्तीस किलोमीटर डोळे उघडे ठेवून धावलेला माणूस जेथे खरोखर काही घडते तेथे डोळे मिटून घेतो. दुसरा एक वर्ग आकड्यांचा आधार घेतो: किलोमीटरमागे किती मिनिटे, नाडीचे ठोके किती, एकूण वेळ किती. इंग्रजी शब्दांची मला तक्रार नाही. 'पेस' आणि 'हायड्रेशन' हे आता धावणाऱ्यांचे मराठी शब्दच आहेत. चढावर काय झाले हे मात्र सुभाषितातूनही कळत नाही आणि आकड्यातूनही कळत नाही.

येथे कोणी म्हणेल की धावण्याचा आणि साहित्याचा संबंधच काय? मॅरेथॉनच्या बाबतीत हा प्रश्न गैरलागू आहे, कारण ही शर्यतच साहित्यातून जन्मली. हिरोडोटसच्या इतिहासात मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावलेला दूत आहे. मॅरेथॉनच्या रणभूमीवरून विजयाची वार्ता आणून कोसळणारा दूत काही शतकांनंतर प्लुटार्क आणि लुशियन यांच्या लेखनात येतो. रॉबर्ट ब्राउनिंगच्या 1879 सालच्या कवितेने दोन्ही धावा एकत्र केल्या. आणि 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ठेवावी असे सुचवणारा मिशेल ब्रेआल हा भाषाशास्त्रज्ञ होता; अर्थविचाराच्या शास्त्राचा आरंभ ज्यांच्यापासून मानतात त्यांपैकी एक. दंतकथेचे कवितेत, कवितेचे शर्यतीत रूपांतर होण्याचा हा प्रवास साहित्याच्या वर्गात शिकवण्यासारखा आहे.

चढाला अर्थ भाषा देते, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. बोस्टन मॅरेथॉनमध्ये न्यूटन या उपनगरातील शेवटची टेकडी 'हार्टब्रेक हिल' म्हणून ओळखली जाते. तीही जेमतेम सत्तावीस मीटर उंचीची. 1936 मध्ये या टेकड्यांवर जॉनी केली याने पुढे असलेल्या टार्झन ब्राउनला गाठले आणि ओलांडून जाताना त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. त्या थापेने ब्राउन पेटून उठला, पुढे निघून गेला आणि जिंकला. केली पाचवा आला. जेरी नेसन या वार्ताहराने केलीच्या हृदयभंगाचे वर्णन केले आणि टेकडीला नाव मिळाले. वार्ताहराने धैर्यावर निबंध लिहिला असता तर हे नाव मिळाले नसते. त्याने एक थाप पाहिली, आणि तिचे पुढे काय झाले ते पाहिले. पेडर रोडचे अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. धावणारा कोणी ते वापरत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ हजारो लोक तो चढले, तरी आपल्या कथनांतून त्याला तिसरे नाव मिळालेले नाही.

आपल्याच प्रदेशातील सातारा हिल हाफ मॅरेथॉनची कथने शेजारी ठेवली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तेथे शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने उतरायचे. कष्ट पूर्वार्धात, सुटका उत्तरार्धात. त्यामुळे ती कथने मोकळी असतात. धुके, ओली झाडे, ढोलताशे हे सारे लेखकाला दिसते, कारण उतरताना पाहायला उसंत असते. मुंबईच्या कथनाला ही सोय नाही. तेथे चढ शेवटी येतो आणि लेखकाजवळ त्या क्षणी थकलेल्या देहाखेरीज काही नसते. म्हणून मुंबईचे कथन लिहिणे अवघड आहे आणि म्हणूनच ते अधिक मोलाचे ठरू शकते.

थकलेल्या पायांनी पाहण्याची परंपरा मराठीला नवी नाही. इरावती कर्वे यांचा वारीवरील 'वाटचाल' हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' ही दोन उदाहरणे पुरेत. एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या माणसांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात, हे इरावतीबाईंना चालताना दिसले आणि त्यांनी ते लिहिले. भक्तीचा गौरव करून लेख संपवणे त्यांना सहज शक्य होते. दोघांच्याही लेखनात चालणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या निग्रहापेक्षा बरोबरच्या माणसांवर अधिक आहे. इंग्रजीत ॲलन सिलिटो यांच्या 1959 सालच्या 'द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर' या कथेतला सुधारगृहातला मुलगा धावता धावता आपण कोणासाठी धावतो आहोत याचा विचार करतो आणि अंतिम रेषेपूर्वी मुद्दाम थांबतो. तीनही ठिकाणी पायांचे श्रम आणि समाजाची मांडणी यांचा संबंध लेखकाने तोडलेला नाही.

तो संबंध मी एकदा तोडला. काही वर्षांपूर्वी आमच्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी मुंबई मॅरेथॉनचा अनुभव लिहून दिला. वडील यंत्रमाग कारखान्यांतून कापडाचे तागे हातगाडीवर वाहणारे, आणि हा रात्री गोदामात काम करून सकाळी वर्गात येणारा. भिवंडीहून टर्मिनसपर्यंत थेट लोकल नाही. म्हणून तो आदल्या रात्री रिक्षाने ठाण्याला, तेथून शेवटच्या गाड्यांपैकी एकीने मुंबईला गेला आणि फलाटावर बसून राहिला. गावात टेकडी नाही, तेव्हा चढाचा सराव त्याने उड्डाणपुलावर केला होता. हे सगळे मी ठेवले.

पेडर रोडवरचा त्याचा परिच्छेद मात्र मी काढला. त्यात त्याने लिहिले होते की लहानपणी वडिलांची गाडी तो मागून ढकलत असे. चढावर वर पाहायचे नाही, पुढच्या दोन हातांइतका रस्ता पाहायचा, आणि थांबायचे तर मुळीच नाही, कारण थांबले की गाडी मागे येते. पेडर रोडवर त्याने तसेच केले. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका बाईंनी संत्र्याची सोललेली फोड पुढे केली. त्याने ती घेतली, पण मान वर करून पाहिले नाही. लोक टाळ्या वाजवत होते. पुढे त्याने लिहिले होते की आपल्याला लाज वाटली: आपण रिकाम्या हातांनी चढतो आहोत आणि लोक टाळ्या वाजवताहेत, वडील भरलेली गाडी घेऊन चढतात तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवतात.

मी समासात 'विषयांतर' असे लिहिले, परिच्छेदावर रेघ मारली आणि त्याजागी वडिलांच्या कष्टांपासून त्याला प्रेरणा मिळाली अशा अर्थाचे एक वाक्य घातले. लेख छापून आला. त्याने तो पाहिला आणि "सर, चांगला झालाय," एवढेच म्हणाला. नंतर त्याने वार्षिकांकाला काही दिले नाही. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे नॅकच्या भेटीसाठी जुन्या फायली लावताना मूळ हस्तलिखित हाती आले. रेघेखालचे वाचल्यावर मी घातलेले वाक्य मला वाचवेना. लाज हा त्या लेखाचा विषय होता आणि मी तिची प्रेरणा करून टाकली होती.

माझ्या वृत्तीचे समर्थन करता येईल. वार्षिकांकाला पृष्ठमर्यादा असते. विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती छापून त्याला अवघडल्यासारखे होऊ नये, हाही विचार असतो. हा दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. परंतु त्याचे उत्तर त्याला विचारण्यात होते. मी विचारले नाही. शिवाय हेही मान्य केले पाहिजे की प्रत्येक धावपटूच्या मागे हातगाडी नसते. कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला चढावर मधुमेहाची धास्ती आठवत असेल, एखाद्या बाईला घरी गॅसवर ठेवून आलेल्या कामांची यादी आठवत असेल. ते लिहावे. आकडा लिहिणाऱ्यालाही मी दोष देत नाही. किलोमीटरला पावणेसातवरून साडेनऊ मिनिटांवर येणे ही त्याची शोकांतिकाच असते. फक्त ती अडीच-तीन मिनिटे कशात गेली ते त्याने सांगावे.

म्हणून सहाध्यायी अध्यापकांना माझी सूचना आहे. अनुभवलेखन शिकवताना इरावतीबाईंच्या लेखाशेजारी मॅरेथॉनचे एखादे कथन ठेवावे आणि चढाचा परिच्छेद वर्गात वाचावा. 'जिद्द' हा शब्द जेथे आला असेल तेथे विद्यार्थ्याला विचारावे की त्या क्षणी तुला काय दिसत होते, हातात काय होते, शेजारी कोण होते. आणि समासात 'विषयांतर' लिहिण्यापूर्वी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

ते हस्तलिखित मी जपून ठेवले आहे. तो विद्यार्थी आता येथे नाही, पण त्याचा पत्ता मिळण्यासारखा आहे. त्याची संमती असेल तर यंदाच्या अंकात मूळ लेख, त्या परिच्छेदासह, छापायचा विचार आहे. या वेळी आधी त्याला विचारीन.