बाहेरचा वैद्य, घरचा रोगी : कारंजाच्या कापूस बाजारापासून दलाल स्ट्रीटपर्यंत

१/ एखाद्या देशाचा शेअर बाजार आणि बँका बिघडल्या, तर त्या सुधारण्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ आणावा का? ‘तज्ज्ञाला देश नसतो, शास्त्र असते’ असे एक पक्ष म्हणतो. ‘घरचे भांडण घरातच मिटवावे’ असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. त्याचा पुरावा आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावी सापडतो.

२/ १८५३ साली हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. म्हणजे या प्रांताचा आधुनिक इतिहासच एका कर्जाच्या हिशोबापासून सुरू होतो. पुढे वऱ्हाडचे नियम हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने होऊ लागले. कायदा करणारा आणि कायदा सोसणारा यांची गाठ कधी पडत नसे.

३/ १८८६ साली अशाच एका हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला. देशातील हा पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. बाजाराची जागा ठरली, दलाल आणि मापारी यांना परवाने लागू झाले, बाजारशुल्क नियमात बसले. रुमालाखाली बोटे दाबून सौदे करणाऱ्या बाजाराला ही मोठीच शिस्त होती.

४/ मग तक्रार कशाची? ही शिस्त कोणासाठी होती, याची. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, निर्भेळ कापूस वाजवी भावात हवा होता. सुधारणेची प्रेरणा तिकडची होती. बाजार समिती प्रामुख्याने व्यापाऱ्यांच्या हाती राहिली. ज्याच्या बैलगाडीतून कापूस येई, त्या शेतकऱ्याला समितीत स्थान नव्हते. ही उणीव भरून निघण्यास फार काळ लागला. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने उत्पादकाला प्रतिनिधित्व दिले आणि १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडी व्यवस्थेतील त्याच्या अनुपस्थितीवर बोट ठेवले.

५/ ‘हेतू काहीही असो, काटा तर सरळ झाला!’ हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. परक्याच्या हातूनही चांगले काम होऊ शकते, हे कारंजाने दाखविले. पण काटा सरळ झाला म्हणून तो कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न सुटत नाही. पहिला प्रश्न तंत्राचा आहे, दुसरा सत्तेचा. बाहेरचा तज्ज्ञ पहिल्याचे उत्तर देतो आणि दुसऱ्याचेही दिले असे भासवितो. घोटाळा नेमका येथे होतो.

६/ परका माणूस मोहापासून अलिप्त असतो, ही समजूतही इतिहास मोडून काढतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत शेअरचा उन्माद माजला. बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचे भागभांडवल होते, सरकारनियुक्त संचालक होते, कारभारात इंग्रज होते. तरीही बँकेने सट्टेबाजांना शेअरच्या तारणावर कर्जे वाटली. युद्ध संपले, भाव कोसळले आणि १८६८ साली ती बँक गुंडाळावी लागली. गोऱ्या कातडीने हिशोब शुद्ध होत नाही.

७/ दुसरे उदाहरण पतपेढ्यांचे. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील ग्रामीण बँकांचा अभ्यास केला. जर्मनीतील रायफायझन यांच्या पतसंस्थांचा नमुना पुढे आला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. नमुना उत्तम होता, अभ्यास प्रामाणिक होता. फळ काय आले?

८/ ते १९५१-५२ मध्ये मोजले गेले. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने ७५ जिल्ह्यांतील ६०० खेडी तपासली. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के; आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के! आयात केलेले रोप जवळपास अर्धशतक पाणी घालूनही खुरटेच राहिले, कारण जमीन कोणी तपासलीच नव्हती.

९/ तिसरे उदाहरण सर ऑस्बर्न स्मिथ यांचे. ऑस्ट्रेलियातील बँकांत सुमारे तीस वर्षे काम केलेला हा कसलेला बँकर १९२६ साली इम्पीरियल बँकेत आला आणि १९३५ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला गव्हर्नर झाला. विनिमयदर आणि व्याजदर या प्रश्नांवर सरकारशी त्याचे पटेना. मुदत संपण्यापूर्वीच, १९३७ साली, तो पायउतार झाला. ज्ञान होते, अनुभव होता. पण पाठीशी उभी राहील अशी जनता नव्हती. पाठबळाविना तज्ज्ञ हा भाडेकरूच असतो.

१०/ तर मग केवळ ‘घरचे’ लोक पुरेसे आहेत काय? मुळीच नाही. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना उभारली, हे त्यांचे कर्तृत्व. पण दलालांनी दलालांवर देखरेख ठेवावी, ही व्यवस्था किती पोकळ होऊ शकते ते १९९२ च्या रोखे घोटाळ्याने उघडे पाडले. त्याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची स्थापना झाली. १९९४ पासून तेथे संगणकाच्या पडद्यावर व्यवहार सुरू झाले. जुन्या कंपूला शिस्त लागली, ती कंपूबाहेरच्यांमुळेच.

११/ म्हणून ‘बाहेरचा’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक, धंद्याच्या कंपूबाहेरचा. दुसरा, जबाबदारीच्या कक्षेबाहेरचा. पहिला हवाच, दुसरा घातक. ज्याला बाजाराशी हितसंबंध नाही, पण ज्याला देशाला जाब द्यावा लागतो, तोच खरा सुधारक.

१२/ असा माणूस या देशाने पाहिला आहे. सनदी सेवेतून बाहेर पडलेले ए. डी. गोरवाला १९५१ साली शेअर बाजारविषयक कायद्याच्या समितीचे अध्यक्ष होते. त्यातून पुढे १९५६ चा रोखे करार कायदा आला. ग्रामीण पतपाहणीच्या समितीचे अध्यक्षही तेच, आणि सोबत नागपुरात वाढलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या १९५४ च्या अहवालातून १९५५ साली स्टेट बँक जन्मली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर आले. त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर सनदी सेवेत मध्य प्रांत व वऱ्हाडातच घडलेले होते.

१३/ या लोकांनी परदेशी ग्रंथ वाचले नव्हते काय? भरपूर वाचले होते. गाडगीळ आणि देशमुख दोघेही केंब्रिजचे. विद्या कोठूनही यावी, तिला जकात नसावी. पण रोग्याची नाडी त्यांनी खेड्यात जाऊन पाहिली, आणि औषध लागू पडले नाही तर संसदेत जाब विचारला जाणार होता. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

१४/ हा प्रश्न वाशीमसाठी शिळा झालेला नाही. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्याचे मोजमाप आता दिल्लीत होते. २०२० साली बाजार समित्यांबाहेरील विक्रीचा कायदाही दिल्लीतूनच आला. ज्यांच्यासाठी तो केला असे सांगितले गेले, त्यांच्यातील मोठ्या वर्गानेच तो नाकारला आणि २०२१ साली तो मागे घ्यावा लागला. म्हणजे ‘बाहेर’ असण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतोच असे नाही.

१५/ तज्ज्ञ जरूर बोलवावा. त्याचा सल्ला घ्यावा, त्याचे हिशोब तपासावेत, त्याची फीही चोख द्यावी. पण तराजूची दांडी त्याच्या हाती देऊ नये. कारंजाच्या बाजारात १८८६ साली काटा सरळ झाला. त्या काट्यावर ज्याचा कापूस चढतो, त्याला समितीत बसायला मात्र आणखी कित्येक दशके लागली. पुढची सुधारणा कोणीही सुचवो, हा विलंब पुन्हा होता कामा नये.