उदासी म्हणजे कमजोर ईमान नव्हे

घरातले कुणी आठवडेच्या आठवडे गप्प राहिले, झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, की आपण पटकन म्हणतो, "ईमान कमजोर झालंय, नमाजकडे लक्ष दे." खचलेल्या मनावर मग अपराधीपणाचेही ओझे पडते. माणूस बोलणेच सोडतो.

पण यूसुफ (अलै.) यांच्या विरहात हजरत याकूब (अलै.) यांची दृष्टी गेली, हे कुरआनच सांगते. म्हणून त्यांचे सब्र कमी ठरले नाही. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनीही शरीराप्रमाणे मन आजारी पडते, असे लिहून ठेवले.

तापात आपण दुआ करतो, दवाही घेतो. मनासाठीही तसेच करू या. आधी शांतपणे ऐकून घेऊ, मग डॉक्टरांकडे नेऊ. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.