रांग की नकार?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून दरमहा एक व्हिसापत्रक प्रसिद्ध होते. अमेरिकन नागरिकांच्या भारतातील भावाबहिणींपैकी कोणाची पाळी आली, हे त्यातील एका तारखेवरून समजते. ऑक्टोबर २०२४ च्या पत्रकात ही तारीख २००६ सालातील होती. याचा अर्थ असा की, ज्यांच्यासाठी अठरा वर्षांपूर्वी अर्ज दाखल झाला होता, त्यांचा क्रमांक आता कोठे लागत होता. अर्ज करतेवेळी चाळिशीत असलेला भाऊ मुलाखतीचे बोलावणे येईपर्यंत निवृत्तीच्या उंबरठ्यावर पोहोचतो, आणि ज्या मुलांच्या शिक्षणाकडे पाहून त्याने होकार दिला होता, ती मुले तोवर मिळवती झालेली असतात. अशा विलंबाला केवळ कार्यालयीन दिरंगाई म्हणता येईल काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

या विलंबाचे दोन भाग आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिला भाग कागदपत्रे तपासण्याचा. अर्जदाराचे नागरिकत्व खरे आहे काय, नाते सिद्ध होते काय, हे पाहण्यास काही महिने किंवा काही वर्षे लागतात. अधिक कर्मचारी नेमून आणि कामाची पद्धत सुधारून हा काळ कमी करता येतो. दुसरा भाग मात्र कायद्याने ठरविलेल्या वार्षिक मर्यादेतून निर्माण होतो. नागरिकाचे पती वा पत्नी, एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले आणि आईवडील यांना संख्येची मर्यादा नाही. परंतु प्रौढ मुले, भावंडे आणि ग्रीन कार्डधारकांचे पती, पत्नी व मुले यांना १९९० च्या कायद्याने घालून दिलेल्या कोट्यातच बसावे लागते. या सर्वांसाठी मिळून वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा ठेवलेले आहेत आणि व्यवहारात हे किमानच कमाल ठरत आले आहे. त्यांपैकी भावंडांच्या वाट्याला येतात ६५,०००. आणि त्यातही भावाबरोबर त्याची पत्नी व मुले यांचीही स्वतंत्र गणना होते.

येथे साधा हिशेब पुरेसा आहे. गेल्या काही वर्षांत एकट्या भावंडांच्या वर्गातील प्रतीक्षायादीत २० लाखांहून अधिक माणसे होती. या संख्येला ६५,००० ने भागले तर तीस वर्षांहून अधिक काळ येतो. म्हणजे उद्या सर्व कचेऱ्यांतील सर्व फायली एका दिवसात निकालात निघाल्या, तरी यादीच्या शेवटी असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. तपासणी वेगाने झाली म्हणजे पाळी लवकर येईल, ही समजूत या वर्गापुरती निराधार आहे. शुल्क घेऊन फाईल पुढे सरकवून देण्याचे आश्वासन देणारे मध्यस्थ याच समजुतीवर जगतात.

भारतावर देशवार मर्यादेमुळे अन्याय होतो, असे नेहमी सांगितले जाते. कोणत्याही एका देशाला कुटुंब व नोकरी या दोन्ही वर्गांतील मिळून सात टक्क्यांहून अधिक व्हिसा सामान्यतः मिळत नाहीत. मग तो देश १४० कोटींचा असो वा ४ लाखांचा. नोकरीच्या वर्गात भारतीयांची जी विलक्षण कोंडी झाली आहे तिचे मुख्य कारण हेच आहे. परंतु भावंडांच्या वर्गाला तेच निदान लागू करणे बरोबर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतासाठी २००६ सालची तारीख होती, तर बहुतेक इतर देशांसाठी ती २००७ सालची होती. मेक्सिकोची तर २००१ वरच थबकली होती. तेव्हा देशवार मर्यादा उठविल्याने भारतीय भावंडांची वाट फारशी कमी होणार नाही. मुळात भाकरीच लहान आहे. ती कशी वाटावी हा नंतरचा प्रश्न.

ही व्यवस्था कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने वंश आणि मूळ देश पाहून प्रवेश देण्याचे धोरण स्वीकारले होते. भारतीयांना १९४६ साली जो कोटा मिळाला तो होता वर्षाला अवघ्या १०० माणसांचा. १९६५ च्या कायद्याने मूळ देशाचा निकष दूर केला आणि कौटुंबिक नात्याला अग्रस्थान दिले. आधी आलेल्यांचेच नातलग येणार असल्याने लोकसंख्येची युरोपीय ठेवण बदलणार नाही, असा काही लोकप्रतिनिधींचा त्यावेळी अंदाज होता. तो साफ चुकला. युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटला, आणि आशियातून शिक्षण व व्यवसायाच्या बळावर गेलेल्या डॉक्टर-इंजिनियरांनी नागरिक झाल्यावर आपल्या आप्तांसाठी अर्ज केले. आज मुंबईतील अमेरिकन वकिलातीत स्थलांतर व्हिसाच्या मुलाखतीसाठी येणारी कुटुंबे त्याच परंपरेतील आहेत.

वस्तू अपुरी असेल तर तिचे वाटप किंमत वाढवून करता येते किंवा रांग लावून. रांग अधिक न्याय्य, असे आपण मानतो, कारण तिच्यात गरीब-श्रीमंत एकामागे एक उभे राहतात. स्कूटर आणि टेलिफोन यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा अनुभव या देशातील मध्यमवर्गाला आहे. परंतु स्कूटर दहा वर्षांनी आली तरी ती स्कूटरच असते. कौटुंबिक सहवासाचे तसे नाही. तो साठवून ठेवता येत नाही. उशिरा मिळाला म्हणजे त्यातील बराचसा नष्ट झालेला असतो.

मुलांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. एकविसावे वर्ष ओलांडले की मूल वडिलांच्या अर्जातून गळते. २००२ च्या कायद्याने काही दिलासा दिला. परंतु त्यातही एक विसंगती आहे. अर्ज कार्यालयात तपासणीसाठी जितके दिवस पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. कोट्याच्या रांगेत गेलेली वर्षे वजा होत नाहीत. म्हणजे तत्पर कार्यालय मुलाला मारक आणि सुस्त कार्यालय तारक! अशा गळालेल्या मुलांना बहुतेक वर्गांत पालकांची जुनी तारीखही वापरता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. ग्रीन कार्डधारकाच्या मुलाने वा मुलीने वाट पाहताना विवाह केला तर तो अर्जच संपुष्टात येतो. परिणामी, परकीय कायद्यातील एका कलमाकडे पाहून येथे लग्ने लांबणीवर पडतात. शिवाय प्रलंबित अर्ज असलेल्याला पर्यटक म्हणून भेटीस जाणेही अवघड होते, कारण तेथे कायम राहण्याचा हेतू नाही हे त्यालाच पटवून द्यावे लागते.

आपल्या देशात कोणाला व किती संख्येने घ्यावे, हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राला अधिकार आहे, हा आक्षेप रास्त आहे. नात्यापेक्षा कौशल्याला महत्त्व द्यावे, असे म्हणणाऱ्यांची बाजूही निरर्थक नाही. परंतु संख्येला मर्यादा घालणे वेगळे आणि मर्यादेच्या तीसपट अर्ज स्वीकारून, शुल्क घेऊन लोकांना आशेवर ठेवणे वेगळे. स्पष्ट नकार मिळाला तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. अनिश्चित होकार त्याला अडकवून ठेवतो.

सुधारणेचे मार्ग अज्ञात नाहीत. ग्रीन कार्डधारकांचे पती, पत्नी व अल्पवयीन मुले यांना कोट्यातून वगळावे. मुलाचे वय अर्ज दाखल झाला त्या दिवशीचेच धरावे. महासाथीमुळे २०२० व २०२१ या आर्थिक वर्षांत कुटुंबवर्गातील प्रत्येकी एक लाखाहून अधिक व्हिसा वापरलेच गेले नाहीत आणि नियमानुसार पुढील वर्षी ते नोकरीच्या वर्गाकडे वळले. असे न वापरलेले व्हिसा कुटुंबांच्याच वाट्याला ठेवावेत. आणि भावंडांचा वर्ग चालवायचाच नसेल, तर जुन्या अर्जदारांना न्याय देऊन तो उघडपणे बंद करावा.

हे निर्णय वॉशिंग्टनमध्ये व्हायचे आहेत. आपला त्यावर अधिकार नाही. मात्र येथील कुटुंबांना एक गोष्ट आपल्या हातची आहे. अर्ज जरूर करावा, पण मुलांचे शिक्षण, नोकरी, घर आणि विवाह यांचे निर्णय त्या अर्जाच्या भरवशावर टाकू नयेत. जी तारीख अठरा वर्षांनी येते तिच्यासाठी आजचे आयुष्य थांबविणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.